परक्याला सांगितलेली गोष्ट

१९२८ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात, अथाबास्का सरोवराच्या काठी वसलेल्या फोर्ट चिपेवायन या जुन्या व्यापारी ठाण्यावर दोन माणसे एकमेकांसमोर बसून एक काम करीत होती. त्यांपैकी फ्रान्स्वा मान्देव्हिल हे पन्नाशीचे गृहस्थ मेटी होते, म्हणजे युरोपीय आणि मूलनिवासी अशा दोन्ही परंपरांतून आलेले. हडसन्स बे कंपनीची चाकरी त्यांनी केली होती आणि त्या मुलखातल्या अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. दुसरे, ली फांग-कुई, हे पंचविशीतले चिनी तरुण. शिकागो विद्यापीठात एडवर्ड सपीर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नुकताच आपला प्रबंध पुरा केला होता. मान्देव्हिल चिपेवायन भाषेत कथा सांगत आणि ली ती उच्चारखुणांसह कागदावर उतरवीत. कथा तोंडून सांगून हाताने लिहून घेण्याचे हे काम होते. सांगणाऱ्याला आपला वेग लिहिणाऱ्याच्या हाताशी जुळवून घ्यावा लागे.

या बैठकींतून सिद्ध झालेली संहिता १९७६ साली, म्हणजे ४८ वर्षांनी, तैपेई येथील अकादेमिया सिनिकाने 'चिपेवायन टेक्स्ट्स' या नावाने प्रसिद्ध केली. ग्रंथकार म्हणून नावे होती ली आणि रॉनल्ड स्कॉलन या दोन भाषावैज्ञानिकांची. २००९ साली स्कॉलन यांनी याच कथांचा नव्याने केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि त्या वेळी लेखकाच्या जागी नाव छापले गेले ते मान्देव्हिल यांचे. 'माहितगार' या पदावरून 'लेखक' या पदावर यायला त्यांना ८१ वर्षे लागली. ते स्वतः १९५२ सालीच वारले होते.

लोकसाहित्याच्या अभ्यासात 'माहितगार' हा शब्द निरुपद्रवी समजला जातो. वस्तुतः त्यात एक पूर्वग्रह दडलेला असतो. कथा ही समूहाची, सांगणारा हा केवळ तिचा वाहक आणि लिहून घेणारा तर त्याहून पारदर्शक. तो जणू नव्हताच असे धरून संहितेचे वाचन करायचे, असा हा संकेत आहे. संग्राहकाचा उल्लेख प्रस्तावनेत होतो, आभार मानले जातात आणि मग कथेच्या पहिल्या ओळीपासून त्याला खोलीबाहेर घालवले जाते. चिपेवायन कथांच्या लेखनाचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा संकेत टिकत नाही. त्या इतिहासातल्या प्रत्येक संहितेत ऐकणारा बसलेला दिसतो.

मुळात 'चिपेवायन' हे नावच परक्याने दिलेले आहे. शेजारच्या क्री लोकांच्या भाषेतला हा शब्द टोकदार कातड्यांचा, म्हणजे या लोकांच्या टोके काढलेल्या चामडी अंगरख्यांचा निर्देश करतो. ते लोक स्वतःला 'डेने' म्हणवतात आणि त्याचा अर्थ 'माणसे' एवढाच आहे. शेजाऱ्याला कपडा दिसला आणि त्याने त्यावरून नाव ठेवले. नोंदींच्या इतिहासाची सुरुवात म्हणून हे बरेच सूचक आहे.

या लोकांच्या कथांची एक फार जुनी लिखित नोंद सॅम्युएल हर्न या इंग्रजाची. हडसन्स बे कंपनीने त्याला तांब्याचा शोध घेण्यासाठी उत्तरेकडे धाडले होते. दोन फसलेल्या प्रयत्नांनंतर मातोनाबी या डेने पुढाऱ्याच्या आधाराने तो १७७१ च्या जुलैत कॉपरमाइन नदीपर्यंत पोचला. तिथे ज्या खाणीची इतकी कीर्ती ऐकली होती तिच्यात शोधाशोध करून सुमारे चार पौंडांचा एक तुकडा त्याच्या हाती लागला. त्याचा प्रवासवृत्तान्त १७९५ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. तांब्याचा शोध कसा लागला याची एक कथा त्यात आहे.  एका स्त्रीला प्रथम तांबे सापडले. तिने पुरुषांना ती जागा दाखवली, पण तिथे त्यांनी तिच्याशी दुर्वर्तन केले. तेव्हा ती परत यायला तयार होईना. खाणीवरच बसून राहीन आणि खाण जमिनीत जाईल तेव्हा तिच्याबरोबर मीही जाईन, असे तिने सांगितले. पुढच्या वर्षी पुरुष तांबे न्यायला आले तेव्हा ती कमरेपर्यंत जमिनीत गेली होती, जिवंत होती आणि तांबे पुष्कळच कमी झाले होते. त्यानंतरच्या वर्षी ती पूर्ण नाहीशी झाली होती. वर उरले होते थोडे लहानसहान तुकडे.

हर्नने ही कथा एक चमत्कारिक समजूत म्हणून नोंदवली आहे. आता ती कोणाला सांगितली गेली ते पाहावे. ज्याला कंपनीने तांब्यासाठी पाठवले, जो तेवढ्यासाठी शेकडो मैल चालत आला आणि ज्याला एक तुकडा मिळाला, अशा माणसाला. कथा त्याच्यासाठी रचली गेली असे अर्थातच नाही. ती जुनी होती आणि पुढेही डेने लोकांत सांगितली जात राहिली. परंतु अमुक कथा अमुक माणसापुढे निघते त्याला काही कारण असते. गावातल्या जाणत्या माणसांना हे कोणी शिकवावे लागत नाही. कोणती म्हण कोणासमोर काढायची हे त्यांना ठाऊक असते. हर्नच्या पानांवर ती कथा 'इंडियनांची दंतकथा' आहे. तो प्रसंग डोळ्यांपुढे आणला की तीच कथा प्रश्नकर्त्याला दिलेले उत्तर ठरते. हर्नच्याच ग्रंथात सृष्टीच्या आरंभाचीही एक कथा आहे. रात्री कुत्र्याचे रूप टाकून देखणा तरुण होणाऱ्या प्राण्याची, आणि मग आलेल्या, ढगांना डोके टेकलेल्या महापुरुषाची, जो काठीने सरोवरे व नद्या आखतो आणि त्या कुत्र्याचे तुकडे करून त्यांपासून मासे, पशू आणि पक्षी घडवतो. ही कथा त्याने थोडक्यात उरकली आहे.

पुढच्या संग्राहकांविषयी फार वेळ थांबण्याचे कारण नाही. एमिल पेतितो हे फ्रेंच ऑब्लेट धर्मोपदेशक १८६२ मध्ये त्या मुलखात गेले. त्यांचा कथासंग्रह १८८६ चा. त्यांचे श्रम प्रचंड, भाषाज्ञान खरे. पण डेने लोक हे मुळात इस्रायलच्या हरवलेल्या वंशांपैकी होत या कल्पनेने त्यांना पछाडले होते आणि प्रत्येक कथेत त्यांना बायबल ऐकू येई. रॉबर्ट लोवी १९०८ मध्ये फोर्ट चिपेवायनला आले. त्यांना कल्पनाबंधांची तौलनिक नोंद हवी होती, त्यामुळे त्यांच्या संग्रहात कथेचा सांगाडा इंग्रजीत उरतो. प्लायनी अर्ल गॉडर्ड यांनी १९११ मध्ये कोल्ड लेक येथे मूळ भाषेतल्या कथा उतरवून घेतल्या आणि १९१२ मध्ये त्या छापल्या. हे पाऊल मोठे होते. पण चिपेवायन ही सूरभेदाची भाषा आहे. तिच्यात चढा आणि उतरता असे दोन सूर अर्थभेद करतात, आणि गॉडर्ड यांच्या लेखनात या सुरांची नोंद नाही. त्यांच्या कानाला ते महत्त्वाचे वाटलेच नाहीत.

ली यांच्या कानाला मात्र सूर सोडता येणे शक्य नव्हते. चिनी भाषेत सूर चुकला की शब्द चुकतो. सपीर यांनी या कुळातल्या सार्सी भाषेत सुरांचे अस्तित्व आधीच दाखवून दिले होते आणि या भाषांचे चिनी-तिबेटी कुळाशी दूरचे नाते असावे असे त्यांच्या मनात होते. तेव्हा ली फोर्ट चिपेवायनला गेले ते कथांसाठी नव्हे. त्यांना धातू हवे होते, क्रियापदांची रूपे हवी होती. या भाषेत 'तिथे पडले आहे' एवढे म्हणायचे तरी पडलेली वस्तू गोल आहे, काठीसारखी लांब आहे की कापडासारखी पसरट, त्याप्रमाणे धातू बदलतो. अशी रूपे प्रश्न विचारून पुरती मिळत नाहीत, कथेत ती आपोआप येतात. १९३३ साली ली यांनी चिपेवायन धातूंची यादी प्रसिद्ध केली. कथा पेटीत राहिल्या. पुढे त्यांचे आयुष्य मुख्यतः थाई कुळातल्या भाषांच्या तुलनेत गेले.

असे असूनही या कथा इतक्या भरीव कशा उतरल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याची नीट वाट स्कॉलन यांच्या लेखनातून सापडते. त्यांनी १९७० च्या दशकात फोर्ट चिपेवायनमध्ये राहून तिथल्या बोलण्याच्या रीतींचा अभ्यास केला आणि १९७९ साली, मान्देव्हिल यांच्या कथनाकडे प्रयोग म्हणून पाहणारा एक प्रबंध लिहिला. त्या प्रयोगात श्रोता एकच होता, तो म्हणजे लिहून घेणारा भाषावैज्ञानिक. पुढे सुझन स्कॉलन यांच्यासह, अथाबास्कन मुले ऐकलेली गोष्ट पुन्हा कशी सांगतात यावर त्यांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहिला. शाळेत या मुलांची पुनर्कथने तोकडी, अपुरी म्हणून नापसंत होत. स्कॉलन दांपत्याचे म्हणणे असे की ती अपुरी नसून आटवलेली असतात. या परंपरेत उत्तम कथन म्हणजे सर्वांत थोडक्यातले कथन. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सांगायचे नाही, आणि अर्थ लावण्याचे काम त्याच्यावर सोडायचे. श्रोता जितका जवळचा तितकी गोष्ट आखूड. अगदी आतल्या वर्तुळात ती एका वाक्यावर, कदाचित एका नावावर येते.

हे मान्य केले तर एक अडचणीचा निष्कर्ष पुढे येतो. ज्या विस्तृत, सुसंगत, सर्व दुवे जोडलेल्या कथनाला अभ्यासक 'उत्कृष्ट नमुना' म्हणतात, ते त्या परंपरेच्या दृष्टीने उत्कृष्ट कथन नव्हेच. ते परक्यासाठी केलेले कथन होय. संहितेची परिपूर्णता ही श्रोत्याच्या अज्ञानाच्या प्रमाणात असते. जे काही चांगले सांगितले गेले ते छापण्यासारखे नव्हते आणि जे छापले गेले ते मुद्दाम उलगडून सांगितलेले होते.

लिपीच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. १८४० मध्ये जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकाने क्री भाषेसाठी एक अक्षरलिपी तयार केली. तिच्यात व्यंजनासाठी एक आकृती असते आणि स्वर बदलला की त्याच आकृतीची दिशा फिरते. इव्हान्सपुढे लघुलेखनाबरोबर देवनागरीचाही नमुना असावा असे अभ्यासक मानतात; आपल्या बाराखडीशी या लिपीचे दूरचे नाते आहे ते असे. ऑब्लेटांनी ती चिपेवायन भाषेला लावली, प्रार्थनापुस्तके छापली, आणि लोक ती वाचू लागले. या लिपीत सूर दाखवलेले नसतात. वाचणाऱ्याला ते ठाऊकच असतात. मराठीत दुनिया या अर्थी 'जग' आणि 'जगणे'मधला आज्ञार्थी 'जग' यांतले दोन्ही 'ज' वेगळे उच्चारले जातात, तरी लिहिताना त्यांचा भेद दाखवण्याची गरज कोणाला भासत नाही, तसेच हे. सगळे दाखवावे लागते ते परक्याला. ली यांची उच्चारलिपी ही अशी, सगळे दाखवणारी आहे.

तेव्हा १९२८ च्या त्या संहितेला दुय्यम म्हणावे काय? डेनिस टेडलॉक यांच्यासारखे अभ्यासक असे म्हणण्याच्या जवळ येतात. त्यांच्या 'फाइंडिंग द सेंटर' (१९७२) या झुनी कथांच्या ग्रंथापासून, ध्वनिफितीवरचे विराम आणि आवाजाची चढउतार हीच कथेची खरी ओळरचना, असा आग्रह रूढ झाला आणि जुन्या, हाताने उतरवलेल्या संहिता निर्जीव मानल्या जाऊ लागल्या. डेल हाइम्स यांचा मार्ग निराळा होता. तशाच जुन्या संहितांत शब्दांच्या आणि अव्ययांच्या पुनरावृत्तीतून उभी राहणारी रचना त्यांनी शोधली. मान्देव्हिल यांच्या बाबतीत हाइम्स यांची बाजू घेणे भाग आहे. ध्वनिफितीला सगळे ऐकू येते, पण तिला चेहरा नसतो. तिच्यापुढे बोलणारा कोणाशी बोलत असतो ते त्याला माहीत नसते. मान्देव्हिल यांना माहीत होते. समोर बसलेला तरुण दूरच्या देशातला आहे, त्याला शब्द हवे आहेत, गोष्टीतले ओ की ठो कळत नाही, पण सूर अचूक पकडतो. अशा माणसाला गोष्ट सांगायची तर कुठून सुरुवात करावी, याचा विचार त्या कथनातून जाणवतो. जुन्या काळाच्या अद्भुत कथांसोबत त्यांनी पूर्वीच्या जीवनरीतीची वर्णनेही सांगितली. शिकारी नसलेल्या श्रोत्याला शिकाऱ्याची गोष्ट कळायची तर हे सांगणे अवश्य होते. २००९ च्या ग्रंथाच्या उपशीर्षकात या सर्वांना मिळून एक 'कथाचक्र' म्हटले आहे, ते योग्य वाटते.

त्या ग्रंथाचे शीर्षकही लक्षात घेण्याजोगे आहे. 'धिस इज व्हॉट दे से', म्हणजे 'असे म्हणतात'. स्वतः अनुभवलेले आणि दुसऱ्याकडून आलेले यांतला भेद डेने लोकांच्या ज्ञानव्यवहारात फार काटेकोरपणे पाळला जातो. आपण स्वतः जगलो ते छातीठोकपणे सांगावे; बाकीचे 'असे म्हणतात'. मराठी वाचकाला इथे चटकन 'म्हणे' आठवेल, आणि फसगतही इथेच होईल. 'तो राजा होता म्हणे' या वाक्यातल्या 'म्हणे'त मराठी माणूस हलकेच अंग काढून घेतो. खरेखोटे देव जाणे, असा त्याचा ध्वनी असतो. मान्देव्हिल यांच्या 'असे म्हणतात' मध्ये ही शंका नाही. उलट ते सांगणाऱ्याने आपल्या अधिकाराची आखलेली मर्यादा आहे: हे माझे नाही, माझ्या आधीच्यांचे आहे, मी ते जसेच्या तसे पुढे देतो. इंग्रजी अनुवादात हे वारंवार आले तर कंटाळवाणे वाटते आणि गाळले तर कथा कादंबरीसारखी सर्वज्ञ निवेदकाची होते. जुन्या संग्राहकांनी बहुधा गाळण्याचा मार्ग पत्करला. स्कॉलन यांनी तेच शब्द शीर्षकस्थानी नेले.

अर्थात परक्याला उलगडून सांगतानाही सगळे सांगितले जात नाही. डेने जीवनात 'इन्कोन्झे' नावाची एक संकल्पना आहे. डेव्हिड स्मिथ आणि हेन्री शार्प या मानववंशशास्त्रज्ञांनी तिच्याविषयी लिहिले आहे. स्वप्नांतून, प्राणिरूप सत्त्वांकडून माणसाला मिळणारे ज्ञान आणि सामर्थ्य असा तिचा स्थूल अर्थ. ज्याच्यापाशी ते असते तो त्याविषयी उघड बोलत नाही, कारण बोलून दाखवलेले सामर्थ्य क्षीण होते. ही गोष्ट संग्राहकाच्या धंद्याच्या मुळावरच येणारी आहे. जतन करायचे म्हणून लिहायचे, ही त्याची श्रद्धा. आणि लिहिल्याने, निदान बोलल्याने, ते उणे होते ही समोरच्याची. छापील कथांत सामर्थ्यवान माणसे येतात, त्यांची कृत्ये येतात, परंतु त्या सामर्थ्याचे अंतरंग येत नाही. अभ्यासकाने ही उणीव समजू नये. तिथे सांगणाऱ्याने दार ओढून घेतले आहे आणि ते त्याच्या हक्काचे होते.

मान्देव्हिल आणि ली यांचे काम चालू होते त्याच गावात ख्रिस्ती मिशनची होली एंजल्स ही निवासी शाळाही चालू होती. मिशनने १८७४ पासून तिथे मुलांना ठेवून घेण्यास सुरुवात केली होती. आईबापांपासून दूर, वर्षाचा बहुतेक काळ भिंतीआड वाढणाऱ्या मुलांच्या कानावर हिवाळ्याच्या रात्रीच्या गोष्टी पडण्याचा मार्गच उरत नव्हता. अशा शाळांतून मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत, हे कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये नोंदवले आहे. विसंगती अशी की, एकीकडे एक परदेशी विद्यार्थी दूरवर आला होता तो या भाषेचा एकेक स्वर जपून कागदावर ठेवायला, आणि हाकेच्या अंतरावर त्याच भाषेचे वारस तिच्यापासून तोडले जात होते. होली एंजल्स १९७४ मध्ये बंद झाली. तैपेईचा ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी निघाला.

या दोन वर्षांच्या अंतरामुळे मघाचा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. परक्यासाठी उलगडलेली गोष्ट ही परंपरेच्या दृष्टीने दुय्यम, हे परंपरा आतून अखंड असेपर्यंतच खरे. ज्या नातवंडांना घरात आटवलेली गोष्ट कळेल इतके काही दिलेच गेले नाही, ती नातवंडे ली यांच्याच जागी येऊन बसलेली असतात. त्यांनाही सुरुवातीपासून सांगावे लागते; शिकार कशी होई तेही सांगावे लागते. चिनी तरुणासाठी सोडवून ठेवलेले दुवे आता त्यांच्या उपयोगी पडतात. मान्देव्हिल यांना हे दिसत होते असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणून त्यांना द्रष्टे ठरवण्याची गरजही नाही. त्यांनी समोरच्या श्रोत्याला समजेल असे सांगितले, एवढेच.

भाषा गेलेली नाही. सस्कॅचवानमधील ला लोशसारख्या वस्त्यांत ती घराघरांत बोलली जाते आणि तिचे बोलणारे आजही दहा हजारांहून अधिक आहेत. पण जिथे इंग्रजीने घर व्यापले आहे तिथल्या वाचकाच्या हाती सहज पडतो तो २००९ चा इंग्रजी ग्रंथ. स्कॉलन स्वतः त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी वारले, ली त्याआधी १९८७ मध्ये. मान्देव्हिल यांनी उच्चारलेले शब्द पाहायचे तर १९७६ चा तैपेईचा खंड उघडावा लागतो. त्यात सूर खुणांनी दाखवलेले आहेत, म्हणजे ज्याने ती भाषा कधी ऐकलेली नाही त्यालाही ती मोठ्याने वाचून पाहता येते.